पियानोचा हवापालट

मुंबईच्या माणसाची तब्येत कुरकुरायला लागली की तो पाणी ओलांडून आमच्याकडे येतो. आवास, सासवणे, किहीम, थळ, नागाव, पार चौल-रेवदंड्यापर्यंत, अख्ख्या अष्टागरात ही रीत जुनी आहे. आधी भाऊच्या धक्क्यावरून रेवसची लाँच होती, मग मांडव्याचे कॅटामरान आले, आणि मार्च २०२० पासून रो-रो. रो-रोने एक मोठा फरक पडला. पूर्वी माणूस हवापालटाला यायचा तो एक पिशवी आणि औषधांचा डबा घेऊन. आता बोटीत गाडी चढते, टेम्पो चढतो, त्यामुळे माणसामागून त्याचं सामानही हवापालटाला येतं. मुंबईच्या घरात जे मावत नाही, शोभत नाही आणि टाकवतही नाही, ते सगळं नारळी-पोफळीत येऊन विसावतं. आमच्या वाडीला लागून असलेल्या बंगल्यात असाच एक पियानो आला.

उतरवताना मी नव्हतो. सहा माणसं, दोन वासे आणि भरपूर शिव्या लागल्या, असं ऐकलं. बंगल्याची देखभाल करणाऱ्या आमच्या शेजाऱ्याच्या मते ते कपाटच होतं, फक्त कारागिराने कप्पे करायचे विसरून पट्ट्या बसवल्या होत्या. पियानोचा एक पावसाळा बंगल्यात काढून झाल्यावर मालकांच्या लक्षात आलं की निम्म्या पट्ट्या दाबल्या की दबलेल्याच राहतात आणि उरलेल्या वाजतात त्या नको तशा. मग मला बोलावणं आलं. कारण सरळ होतं. भजनात मी पेटी वाजवतो. गावात मला मास्तर म्हणतात ते शाळेत होतो म्हणून की पेटीवर बसतो म्हणून, हे मलाही नक्की सांगता येणार नाही. शेजारी म्हणाला, “मास्तर, ही मोठी पेटी बिघडलीय. जरा बघा.”

पाहण्यासारखं मला एकच ओळखीचं दिसलं, ते म्हणजे पट्ट्या. पण ही ओळख साधी नाही. आमचे बुवा तोंड उघडण्याआधी “काळी चार” म्हणतात आणि पखवाजवाला त्या सुराला पखवाज लावू लागतो. मराठी गाणाऱ्या माणसाचा गळा काळी-पांढरीच्या हिशोबात मोजला जातो. बायकांची काळी चार, पुरुषांची काळी एक, एखाद्या तार आवाजाच्या बुवाची काळी पाच. पियानो जन्मात न पाहिलेला माणूसही आपला आवाज पियानोच्या पट्टीवर ठेवून मोकळा होतो. पेटीने तो पट्ट्यांचा पट उसना घेतला आणि बाकीचं सगळं पॅरिसला ठेवून आली. तिथे अलेक्झांद्र दबँ नावाच्या कारागिराने १८४० च्या दशकाच्या सुरुवातीला हार्मोनियमचं पेटंट घेतलं, तेव्हा ती पायाने वारा घालायची, खुर्चीवर बसून वाजवायची वस्तू होती. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोषांनी तिला मांडी घालून बसायला शिकवलं. भाता मागे आला, एक हात वाऱ्यासाठी आणि एक गाण्यासाठी अशी वाटणी झाली. तिच्या पितळी सुरांसाठी, म्हणजे आत थरथरणाऱ्या जिभांसाठी, गुजरातेतलं पालिताणा प्रसिद्ध आहे. बारा सुरांत बांधलेली, मींड न काढता येणारी म्हणून ऑल इंडिया रेडिओने १९४० मध्ये तिला दाराबाहेर काढलं, ते १९७१ पर्यंत. त्या काळात आमच्या किनाऱ्यावर किती भजनं थांबली? एकही नाही. बंदीची बातमी रेडिओवर सांगितली असती तरी ती ऐकायला रेडिओ कुणाकडे होता!

तर पेटीत सूर वाऱ्यावर बोलतो आणि पियानोत वाऱ्याचं काही काम नसतं. हे मी शेजाऱ्याला समजावून सांगितलं आणि मुंबईहून जाणकार बोलवा असा सल्ला देऊन सुटलो. पण सुटलो कसला! ट्यूनर आला त्या दिवशी त्याच्यासाठी बॅटरी धरायला कुणीतरी हवं होतं, आणि संगीतातलं समजणारं माणूस म्हणून तो मान मला मिळाला.

गोव्याकडचा, वांद्र्यात वाढलेला, कमी बोलणारा गृहस्थ. त्याने दोन खिट्या फिरवल्या, समोरची फळी उचलून बाजूला ठेवली, आणि मी बॅटरी धरायची विसरलो. आत एक कारखाना उभा होता. अठ्ठ्याऐंशी पट्ट्या, बावन्न पांढऱ्या आणि छत्तीस काळ्या, आणि प्रत्येक पट्टीच्या मागे तिचा स्वतंत्र संसार. लाकडी तरफा, चामड्याचे तुकडे, पितळी पिना, स्प्रिंगा, कापडी फिती, लोकरीच्या गाद्या. मोठ्या ग्रँड पियानोत असे बारीकसारीक भाग बारा हजारांच्या घरात जातात म्हणे. भिंतीला पाठ लावून उभ्या राहणाऱ्या या गरीब भावंडात त्याहून कमी असतील, पण कमी वाटले नाहीत.

बोटाने पट्टी दाबली की आपल्याला वाटतं, आपण तार वाजवली. प्रत्यक्षात बोट तारेच्या वाऱ्यालाही उभं राहत नाही. पट्टीचं मागचं टोक वर येतं, ते एका खटक्याला ढकलतं, खटका हातोडीला उडवतो, आणि गंमत पुढे आहे. हातोडी तारेला लागायला दोन-तीन मिलिमीटर राहिले की खटका तिच्याखालून निसटतो. शेवटचा तेवढा प्रवास हातोडी एकटी करते, टोला देते आणि मागे फिरते. देवळात घंटा वाजवताना लोलक सोडून द्यावा लागतो, हातात धरून टेकवला तर ‘ठण्ण’च्या जागी ‘ठप्प’ होतं, तेच इथे. वाजवणाऱ्याच्या हातात फक्त वेग. हळू दाबलं तर हळू, जोरात दाबलं तर मोठा आवाज, आणि एकदा खटका निसटला की मग काहीही करा. पश्चात्ताप झाला तरी तो सूर परत घेता येत नाही.

ही युक्ती काढली फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने, १७०० च्या सुमारास. मेदिची घराण्याच्या पदरी होता, वाद्यं सांभाळायचं काम. त्याआधीच्या हार्पसिकॉर्डमध्ये तार खुडली जायची, त्यामुळे कितीही जोर लावा, आवाज तेवढाच. याने हातोडी आणली आणि तिला सोडून द्यायची अक्कलही दिली. दुसरी गोष्ट पहिलीहून मोठी आहे असं माझं मत झालं. पुढे पॅरिसच्या एरारने १८२१ मध्ये हातोडी पुरती खाली येण्याआधीच पुन्हा उडवण्याची सोय केली, ती ग्रँड पियानोत असते. आमच्या बंगल्यातल्या उभ्या पियानोत हातोडीला मागे आणायला कापडी फितीचा आधार असतो. अठ्ठ्याऐंशी हातोड्यांना अठ्ठ्याऐंशी फिती. त्यातल्या बऱ्याच दिसत नव्हत्या. ट्यूनरने खालची फळी काढली तर कोपऱ्यात सुबक घरटं. फिती, लोकर, थोडा नारळाचा काथ्या आणि एका वर्तमानपत्रातलं अर्धं शब्दकोडं. उंदरीण बाळंतपण उरकून गेली असावी. शेजाऱ्याने लगेच औषध आणतो म्हटलं. ट्यूनर शांतपणे म्हणाला, “लोकर चांगल्या प्रतीची असते, त्यांना कळतं.”

हातोडीच्या डोक्यावर दाबून बसवलेली लोकर असते. आधी चामडं असायचं. १८२६ मध्ये पाप नावाच्या पॅरिसच्या कारागिराने नमदा लावला आणि आवाजाचा कडकपणा गेला. तारेवर बसून सूर मिटवणाऱ्या गाद्याही लोकरीच्या. पट्टी सोडली की गादी तारेवर येऊन बसते आणि आवाज थांबतो. अगदी वरच्या दीडएक सप्तकाला मात्र गाद्याच नसतात, कारण तिथला सूर इतका अल्पायुषी की त्याला कुणी गप्प करायची गरज पडत नाही. एवढी लोकर, आणि ठिकाण कोणतं, तर जिथे भाद्रपदात लोखंडी कपाटातल्या शालीला कसर लागते!

मग तारा. खालच्या सुरांना एकेक, जाडजूड, तांब्याची तार गुंडाळलेली. जरा वर दोन-दोन, आणि त्याच्या वर प्रत्येक सुराला तीन-तीन. सगळ्या मिळून सव्वादोनशेच्या आसपास. एकेका तारेवर साधारण सत्तर-ऐंशी किलोंची ओढ. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि दोन पावलं मागे सरकलो. पंधरा-वीस टनांची ओढाताण त्या दिवाणखान्यात उभी होती आणि तिच्यावर कुणीतरी प्लास्टिकच्या फुलांचा फ्लॉवरपॉट ठेवला होता. नुसतं लाकूड एवढा ताण सोसत नाही, म्हणून आत बिडाची चौकट असते. बॉस्टनच्या बॅबकॉकने १८२५ मध्ये अखंड ओतीव चौकटीचं पेटंट घेतलं. पियानो उचलताना ज्या शिव्या दिल्या गेल्या, त्या न्यायाने त्याच्याच नावे जमा व्हायला हव्यात.

लोखंडाचा विषय निघाला की अलिबागकराला वेधशाळा आठवणारच. मुंबईत कुलाब्याला पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून चालू होती. पुढे शहरात विजेच्या ट्राम येणार असं ठरलं, आणि त्या विजेने वेधशाळेतल्या सुया भांबावणार हे उघड होतं. तेव्हाचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत १९०४ मध्ये मोजणी अलिबागला आणली गेली. इमारत बांधताना लोखंड टाळलं, दगडही चुंबकाला न भुलणारा घेतला, आणि बिजागऱ्या-खिळ्यांना तांबं-पितळ. मुंबईच्या गजबजाटाने ज्याची तब्येत खरोखर बिघडली असती आणि इथल्या हवेने जो खरोखर ठणठणीत राहिला असा हवापालटाचा रोगी म्हणाल तर ती चुंबकाची सुई. शंभराहून अधिक वर्षं झाली, तिची कसलीही तक्रार नाही. पियानोला त्या इमारतीच्या फाटकातूनसुद्धा आत घेतलं नसतं.

इथली हवा सुईला मानवते आणि तारेला नाही, त्याचं कारण मीठ. दिवसा समुद्रावरून खारा वारा, रात्री जमिनीवरून मतलई. आम्ही दोन्ही खाऊन मोठे झालो, पण पोलाद त्याच्याने म्हातारं होतं. तांब्याच्या गुंडाळीवर हिरवट राप चढला की खालचे सूर बद्द बोलतात. खुंट्यांपाशी गंज धरला की पिळताना तार तुटते. साहेबाच्या काळात युरोपातले कारखाने हिंदुस्थानात पाठवायला वेगळे पियानो बांधत. नुसत्या सरसावर विश्वास न ठेवता सांध्यांना स्क्रू, तेही पितळी, लोकरीला टाचण्या, वरून चिकटवलेल्या पातळ लाकडाऐवजी भरीव लाकूड. त्यांना आपला पाऊस माहीत होता. आमच्या बंगल्यातला पियानो त्या जातीचा नव्हता. तो थंड देशातल्या कुणीतरी थंड देशातल्या कुणासाठी बांधलेला, हात बदलत बदलत इथवर आला होता.

सगळ्यात नाजूक अवयव मागे असतो. तारेचा स्वतःचा आवाज अगदी बारीक. तो घोडीवरून मागच्या पातळ फळीत उतरतो, आणि ती फळी तो खोलीभर करते. घोडी म्हटल्यावर मला जरा माहेरचं माणूस भेटल्यासारखं झालं, कारण तंबोऱ्यालाही घोडीच असते. ही फळी स्प्रूस नावाच्या सूचिपर्णी झाडाची, जेमतेम बोटभर जाड, आणि सपाट नाही. मध्ये किंचित फुगवलेली, मागून पट्ट्यांनी तोललेली. पावसाळ्यात ती दमट हवा पिते, फुगते, घोडीला पुढे ढकलते, तारा आणखी ताणल्या जातात आणि सूर चढतो. हिवाळ्यात वाळते, बसते आणि सूर उतरतो. आषाढात आमच्याकडे पापड, माणसं आणि पखवाजाच्या पुड्या, सगळी मऊ पडतात. हा एकटाच वर चढतो. आणि चढतो तोही सरसकट नाही. मधले सूर जास्त, कडेचे कमी, म्हणजे भांडण घरातल्या घरात.

पांढऱ्या पट्ट्या पिवळ्या पडल्या होत्या. शेजाऱ्याने त्या मंजनाने घासून पाहिल्या होत्या, हे त्याने मला खासगीत सांगितलं. नीट पाहिलं तर प्रत्येक पट्टीवर मध्ये एक आडवी, केसाएवढी बारीक रेघ. दोन तुकड्यांत चिकटवलेलं हस्तिदंत. १९८९ मध्ये हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा निर्णय झाला, त्याच्या खूप आधीपासून कारखाने प्लास्टिककडे वळलेच होते. हत्तींनी सुटकेचा निःश्वास टाकायला उशीरच झाला. ट्यूनर म्हणाला, हस्तिदंत अंधारात पिवळं पडतं, उजेडात पांढरं राहतं. झाकण उघडं ठेवत जा. शेजारी म्हणाला, उघडं ठेवलं तर खारं वारं जातं आत. दोघांचंही खरं होतं, आणि दोघांनीही निवाड्यासाठी माझ्याकडे पाहिलं. मी बॅटरी दुसऱ्या हातात घेतली.

दुपारचं जेवण झाल्यावर त्याने सूर लावायला घेतले. तीन तारांपैकी दोघींमध्ये नमद्याची पाचर घालून त्यांना गप्प करायचं, एकीला लावायचं, मग बाकीच्या दोघींना तिच्याशी जुळवायचं. पेटीचा सूर लावणं मला ठाऊक आहे. पितळी जिभेच्या टोकाला किंचित घासलं की सूर चढतो, बुडाशी घासलं की उतरतो, आणि एकदा लावला की वर्षानुवर्षं तो तुमचं तोंड पाहत नाही. इथे एकेक खुंटी पिळायची, आणि शेवटच्या खुंटीपर्यंत जाईतो पहिल्या ढिल्या पडलेल्या असायच्या. इतका उतरलेला पियानो एका दमात वर येत नाही, दोनदा लावावा लागतो.

आणि मग त्याने पंचम बिघडवला. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं. षड्ज-पंचम अगदी एकजीव झाले होते, माझी मान डोलू लागली होती, आणि त्याने खुंटी इवलीशी मागे घेतली. मी न राहवून म्हणालो, “अहो, लागला होता!” तो म्हणाला, “म्हणूनच उतरवला.” बारा सुरांपैकी कुठल्याही सुराला षड्ज मानून वाजवता यावं म्हणून प्रत्येक पंचम किंचित उतरवायचा, गांधार बराच चढा ठेवायचा, आणि तोटा सगळ्यांत सारखा वाटून टाकायचा. पेट्याही आता बहुतेक अशाच लावलेल्या असतात. पण जुन्या वाजवणाऱ्यांनी गांधार ट्यूनिंगच्या पेट्या जपून ठेवल्या, आणि सांगलीच्या कृष्णाजी बल्लाळ देवलांनी तर क्लेमेंट्स नावाच्या इंग्रज न्यायाधीशाच्या साथीने शंभर वर्षांपूर्वीच श्रुतींची पेटी करवून घेतली होती. मी हे सगळं ट्यूनरला ऐकवलं. त्याने नम्रपणे ऐकून घेतलं आणि पुढच्या पंचमाकडे वळला.

संध्याकाळी तो म्हणाला, “वाजवून बघा.” मी बसलो. काळी चार धरून एक ओळखीचा अभंग उजव्या हाताने सुरू केला, आणि डावा हात आपोआप मागे गेला. इतक्या वर्षांची सवय, तो भाता शोधत होता. हवेत दोनचार वेळा हलला, ओशाळला आणि मांडीवर येऊन बसला. त्याहून पंचाईत सुरांची. पेटीवर वारा आहे तोवर सूर आहे. बुवांनी विठ्ठलाच्या नावावर कितीही वेळ ठाण मांडलं तरी पट्टी दाबून बसता येतं. इथे सूर जन्मला की ओसरायलाच लागतो. बुवा जिथे मुक्काम करतात तिथे पियानो निघून गेलेला असतो. पायाने पॅडल दाबून पाहिलं, गाद्या उचलल्या गेल्या, सूर जरा रेंगाळले, पण एकमेकांच्या अंगावर पडून. शेवटी मी दुगुन लयीतला गजर घेतला. तो बसला. शेजाऱ्याने टाळ आणायचे का विचारलं.

निघताना ट्यूनरने दोन गोष्टी सांगितल्या. एक, घर बंद ठेवू नका, रोज कुणीतरी वाजवा. मालक शनिवारी येतात आणि रविवारी संध्याकाळची बोट धरतात, तेव्हा ‘कुणीतरी’ म्हणजे कोण हे कुणी बोललं नाही, पण त्या दिवसापासून किल्ली माझ्या खिळ्यालाही टांगलेली असते. दुसरं, खालच्या फळीमागे लाकडापासून लांब एक बारीक बल्ब लावून ठेवा, आत कोरडं राहील. यावर शेजारी म्हणाला, “आहे की, पहिल्यापासून आहे!” खरंच होता. मालकांनी मुंबईहून आल्या आल्या लावून घेतला होता आणि तो पावसाळाभर अहोरात्र जळत होता. फक्त वीजबिल वाचावं म्हणून शेजाऱ्याने तो काढून एलईडी बसवला होता. आत लख्ख उजेड होता. उंदरिणीच्या बाळंतपणाला सोय झाली असेल. ऊब मात्र काडीची नव्हती.

तेव्हा जुना, तारेचा, तापणारा चाळीसचा बल्ब शोधत मी अलिबागच्या बाजारात फिरलो. पहिल्या दुकानदाराने पुरातन वस्तू मागितल्यासारखं पाहिलं. दुसऱ्याने एलईडी कसा परवडतो ते समजावलं. तिसरा स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून धूळ झटकत एक खोका काढला.

“पोल्ट्री टाकलीत वाटतं, मास्तर? हल्ली हे पिल्लांना ऊब द्यायलाच नेतात. किती आहेत?”

“अठ्ठ्याऐंशी,” मी म्हणालो.

त्याने तोंडातल्या तोंडात हिशोब केला आणि दोन बल्ब कागदात गुंडाळून दिले. “एकाने नाही भागायचं,” म्हणाला, “आणि उंदरांवर लक्ष ठेवा.”